बांगड्यांच्या काचांची नळी

बसम्माला उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं आणि ही गोष्ट तिनं घरात कुणालाच सांगितली नव्हती. पाच महिने ती सांभाळून होती. एखादी बाई भाजलेला हात पदराखाली लपवते तसा तिनं तो डोळा लपवला होता, फक्त तो उघडा ठेवूनच लपवावा लागत होता.

चौसाळ्याला हायवेलगत त्यांचं कापडाचं दुकान. खाली दुकान, वर बिऱ्हाड. नवरा मन्मथप्पा जाऊन बारा वर्षं झाली होती. गल्ल्यावर आता मुलगा मृत्युंजय बसायचा आणि बायकांना कापड दाखवायला सून रुचिका. बसम्माचं वय चौऱ्याहत्तर. तीही दुपारची दुकानात येऊन बसायची. डोळ्याचं काम बोटं करत होती. चिमटीत कापड धरलं की सुती किती आणि पॉलिस्टर किती ते ती सांगायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, आजीची नजर अजून शाबूत आहे. बसम्मा मान हलवायची.

दिवाळीनंतर त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, बीडला. पट्टी निघाली तेव्हा तिला समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख दिसली होती, चतुर्थीचा चंद्रसुद्धा दिसला होता. संक्रांतीला तिनं एकटीनं दोन किलो तीळ निवडले. आणि पाडवा झाला, तसं पाण्यात दुधाचा थेंब पडून पसरावा तसं त्या डोळ्यापुढं काहीतरी पसरायला लागलं. श्रावण येईपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच उरलं.

यात दोष कुणाचा हे बसम्माला पक्कं ठाऊक होतं. दोष तिचा.

डॉक्टरांनी दिलेला कागद रुचिकानं मोठ्यानं वाचला होता आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. महिनाभर डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, कपाळाला कुंकू, भस्म, काही म्हणजे काही लावायचं नाही. "आत्या, भस्म नाही हं," रुचिका पुन्हा एकदा म्हणाली होती, कारण सासूला ती ओळखून होती. बसम्माच्या घराण्यात सकाळी अंग धुतलं की कपाळाला भस्माची तीन बोटं ओढायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत पूजा करायची. सात वर्षांची असल्यापासून हे चुकलेलं नव्हतं. ऑपरेशननंतर दोन दिवस तिनं कोऱ्या कपाळानं लिंग हातावर घेतलं, आणि दोन्ही दिवस तिला अंगावर नीट लुगडं नसताना पंगतीत जाऊन बसल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी रुचिका खाली दुकानात होती. बसम्मानं काळा चष्मा वर केला आणि तीन बोटं ओढली. बारीकच बोटं, पण ओढली. कोरडं भस्म खाली झडलं आणि डोळ्यात गेलं. डोळा दिवसभर झोंबला, लाल झाला, संध्याकाळी निवला. कपाळ तिनं लगेच पुसून टाकलं होतं, आणि ती गप्प बसली.

पुढं डोळा चांगला राहिला तेव्हा तिला वाटलं, देवानं पोटात घातलं. आता कळत होतं, तसं काही नव्हतं. ते भस्म आत बसून राहिलं होतं आणि सावकाश पसरलं होतं.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरला होता. तो या दिवाळीला काढू, असं डॉक्टर मागेच म्हणाले होते. मृत्युंजयनं विषय काढला की बसम्मा म्हणायची, "बघू पुढच्या साली." मृत्युंजयला वाटायचं, आई घाबरते. घाबरत तर ती होतीच. एक डोळा आपल्या हातानं घालवला, आता या दुसऱ्याला कुणी हात लावला आणि तोही गेला तर? मग तळहातावरचं लिंगसुद्धा चाचपूनच ओळखायचं.

शनिवारी सकाळची शाळा करून नात रुद्राणी घरी आली ती दप्तर न उतरवताच बोलायला लागली. ती पाचवीत होती आणि तिच्या बोलण्यात श्वास घ्यायची जागा नसायची.

"आई, सोमवारी शोभादर्शक करून न्यायचाय, विकतचा चालणार नाही, घरातल्या वस्तूंचाच पाहिजे, आणि वहीत निरीक्षण लिहायचंय, पाच ओळी."

"शोभादर्शक म्हणजे?" मृत्युंजयनं विचारलं.

"नळी असते, त्यात डोळा लावून बघायचं, आत नक्षी दिसते आणि फिरवली की बदलते."

रुचिकानं मोबाइलवर बघितलं. त्यातल्या मुलीनं आरशाच्या तीन पट्ट्या घेतल्या होत्या आणि गरम डिंक सोडणारं पिस्तूल घेतलं होतं. "हे घरातलं झालं का?" रुचिका वैतागली. "आरशाच्या पट्ट्या आणायला आता बीडला कोण जाणार?"

"आरसा कावून पाहिजे?" कोपऱ्यात चौरंगावर बसून वाती वळणारी बसम्मा म्हणाली. "साध्या काचेची करता येती. आमी वडवणीत केलती."

तिघांनी एकदम तिच्याकडं बघितलं.

वडवणीत बसम्माच्या वडलांचं किराणा दुकान होतं. बाजारच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर चंद्रभागाबाई कासारीण बांगड्यांची चळत मांडून बसायची. बायकांच्या हातात बांगड्या चढवताना काही वाढायच्याच. बांगडी फुटली असं कुणी म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. संध्याकाळी चंद्रभागाबाई उठून गेली की पायरीखाली हिरवे, लाल, निळे तुकडे पडलेले असायचे आणि चौघं भावंडं त्यावर तुटून पडायची. थोरला केदारनाथ हुशार. त्यानं एका तसबिरीच्या तडकलेल्या काचेच्या पट्ट्या केल्या, एका अंगानं काजळीनं काळ्या केल्या आणि नळी बनवली. नळी एक आणि डोळे आठ. म्हणून वीस आकडे मोजायचे आणि पुढच्याच्या हातात द्यायची. बसम्मा सगळ्यांत धाकटी. तिची पाळी आली की केदारनाथ एक, दोन, पाच, अकरा, वीस असं मोजायचा. तिला आकडे येत नव्हते. येऊ लागले त्या दिवशी तिनं त्याच्या दंडाला चावा घेतला होता.

हे सगळं तिनं सांगितलं आणि रुद्राणी हसून लोळायला लागली. "आजी, मग आपण तशीच करू!"

"करू की," बसम्मा म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या मनात आलं, नळीला एकच डोळा लावायचा असतो. पण चांगला डोळा लावता येईल. कुणाला काय कळणार?

रविवारी दुपारी बसम्मानं पोरीला कामाला लावलं. कापडाचे तागे ज्यावर गुंडाळून येतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या दुकानामागं पडलेल्या असत. त्यातली एक मृत्युंजयनं वीतभर कापून दिली. स्टँडजवळच्या तसबिरीवाल्या पंडितनं उरलेल्या काचेतून नळीपेक्षा किंचित आखूड अशा तीन सारख्या पट्ट्या पाडल्या आणि पोरीचं बोट कापू नये म्हणून कडा दगडावर घासून दिल्या. बसम्मानं तिळाच्या तेलाचा दिवा लावला, त्यावर पितळी ताटली पालथी धरली आणि काजळी धरू दिली. बाभळीचा डिंक सकाळपासून वाटीत भिजत होता. त्यात काजळी कालवली आणि चिंधीनं काचेच्या एका बाजूला सारवली.

"काळी कशाला करायची?" रुद्राणीनं विचारलं. तिचं नाक एव्हाना काळं झालं होतं.

"दुकान बंद करून आत दिवा लावल्यावर दाराच्या काचेत आपलं तोंड दिसतं का न्हाई? बाहेर अंधार असला की काचेचा आरसा होतो. आपण अंधार काचेला चिकटवायचा, बस."

इतक्यात दूध घेऊन ताराबाई आली. ताराबाईच्या घरी शेरडं आणि चार म्हशी. वीस वर्षं तिचंच दूध या घरात येत होतं आणि दूध ओतून झाल्यावर अर्धा तास बसल्याशिवाय ती कधी गेली नव्हती.

"काय गं बसाक्का, म्हातारपणी काजळ पाडाय लागलीस? कुणाला दाखवायचंय?"

"तुलाच. ये, बस. हात नको लावू, ओलं हाय."

"मी कशाला हात लावू? माझं पोर न्हाई शाळेत."

असं म्हणून ताराबाईनं पहिल्यांदा हातच घातला. साडीच्या खोक्याचं पारदर्शक झाकण होतं, त्यातून दोन गोल चकत्या कापायच्या होत्या. रुद्राणीची कात्री वाकडी जात होती. ताराबाईनं ती घेतली आणि शेरडाचे केस कातरावेत तशा दोन चकत्या काढून दिल्या, एकदम गोल. बसम्मानं तीन पट्ट्या काळी बाजू बाहेर ठेवून तिकोनी जुळवल्या, कापडाच्या किनारीनं बांधल्या आणि नळीत सरकवल्या. एका तोंडाला पुठ्ठा लावून खिळ्यानं भोक पाडलं. दुसऱ्या तोंडाला चकती, तिच्यावर बांगड्यांचे तुकडे, वर पुठ्ठ्याचं कडं आणि त्यावर दुसरी चकती. बाहेरून तेल लावलेला कागद, म्हणजे उजेड आत यावा आणि बाहेरचं काही दिसू नये. तुकडे रुचिकाच्या डब्यात होते. लग्नापासून वाढलेल्या बांगड्या तिनं टाकल्या नव्हत्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आता रातभर वाळू द्यायचं," बसम्मा म्हणाली.

"रातभर? आजी, एकदा बघू दे ना! एकदाच!"

बसम्मालाच राहवेना. तिनं नळी खिडकीकडं धरली आणि डावा डोळा लावला.

हिरवं फूल होतं. त्याच्या भोवती तांबडे कोयरीसारखे तुकडे, त्याभोवती पुन्हा हिरवं, आणि ते लांबवर, नळीच्या बाहेर गेल्यासारखं पसरलं होतं. तिनं मनगट जरासं वळवलं. फूल मोडलं आणि त्याच्या जागी निळी चांदणी बसली. डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूमुळं सगळ्याला पिवळसर झाक होती, पण दिसत होतं. तिला पायरीवरच्या धुळीचा वास आला, गुळाच्या ढेपेचा आला, आणि केदारनाथचं "अकरा, वीस!" ऐकू आलं. केदारनाथ जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आजी, वीस झाले!"

रुद्राणीनं बघितलं. मग ताराबाईनं. ताराबाईनं नळी डोळ्याला लावली आणि तोंड उघडं ते उघडंच.

"अगं बया बया बया! आत तर मांडवच घातलाय! ही कोण नाचाय लागली आत?"

"काचा हायेत गं त्या."

"काचा असू दे नाहीतर आणिक कोण. लई झ्याक हाय."

"ताराआजी, वीस झाले."

"मला कुठं मोजता येतंय? मोज तू, मी बघती."

शेवटी रुद्राणीनं नळी अक्षरशः ओढून घेतली. मग तिला वहीची आठवण झाली. निरीक्षण पाच ओळी. ती पेन्सिल चावत बसली.

"आजी, दोन्ही डोळ्यांना एकच नक्षी दिसते का गं? म्हणजे नळी हलवायची नाही. आधी एका डोळ्यानं बघायचं, मग दुसऱ्या. आपण करून बघू, वर्गात कुणीच असं केलं नसेल!"

"आधी वाळू दे," बसम्मा म्हणाली. पण पोरीनं तोवर कापडाचे चार गठ्ठे एकावर एक रचले होते आणि नळी त्यावर आडवी ठेवून खिडकीकडं तोंड केलं होतं. ती पुढच्या टोकाशी मांडी घालून बसली, नळी हलू नये म्हणून हात धरून. "हं. डावा."

बसम्मानं वाकून डावा डोळा लावला. "चांदणी. मधी निळी, कडंनं हिरवी."

"आता उजवा."

बसम्मानं उजवा डोळा लावला. दुधासारखा नुसता पांढरा उजेड. चांदणी ना फूल. ती मनाशी म्हणाली, डावीकडं जे होतं तेच इथंही असणार.

"तशीच हाय," ती म्हणाली. "निळी चांदणी. लई सुंदर."

पेन्सिलीची खरखर ऐकू आली नाही.

"रुद्रे, लिही की."

"आजी," रुद्राणी हळू आवाजात म्हणाली, "काचा तर माझ्या मांडीवर सांडल्यात."

बसम्मानं मान वर केली. डिंक ओला होता. चकती, कडं, कागद, सगळं निखळून पोरीच्या फ्रॉकवर पडलं होतं आणि निळे-हिरवे तुकडे घडीघडीत अडकले होते. नळीचं पुढचं तोंड सताड उघडं होतं. समोर खिडकी, खिडकीबाहेर विजेचा खांब. नीट डोळ्याच्या माणसाला तिथं खांब दिसला असता, एकाचे दहा होऊन.

ताराबाई आधी हसली. "बसाक्का, तुला नळीत काचा न घालताच चांदणी दिसाय लागली व्हय!" मग तिनं बसम्माचं तोंड बघितलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं. "दिसत न्हाई का तुला त्या डोळ्यानं?"

बसम्मानं डिंकाची वाटी बाजूला सरकवली.

"आजी, दिसत नाही?"

"रुद्रे, आईला सांगू नको. मी सांगती सवडीनं. माझी शपथ हाय तुला."

रुद्राणी उठली. बांगड्यांचे तुकडे फ्रॉकवरून खळखळत फरशीवर पडले. ती दारापर्यंत गेली, थांबली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "तू शपथ घाल नाहीतर काहीही कर, मी सांगणार." आणि जिना उतरून गेली.

"गुणाची पोरगी," ताराबाई म्हणाली. "बोलू दे तिला. तुझ्यानं झालं नसतं."

रुचिका वर आली तेव्हा तिच्या खांद्यावर मोजपट्टी तशीच होती. बसम्मा कितीतरी महिने ज्या वाक्याची वाट बघत होती ते आता येणार होतं. भस्म लावू नका म्हणून सांगितलं होतं ना मी? पण रुचिका खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "कधीपासून?"

"पाडव्यापासून."

"पाच महिने? आत्या, पाच महिने तुम्ही जिना चढता-उतरता, गॅसवर दूध तापवता, मी तुम्हाला भाजी चिरायला देते..." मग ती रागानं उठली, कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि फरशीवरच्या काचा गोळा करायला लागली. "उद्या पहिल्या गाडीनं जायचं. मी येते बरोबर. दुकान यांनी सांभाळावं."

बसम्मा तरीही भस्माचं बोलली नाही. ते तिच्या जिभेवर येऊन परत गेलं.

दवाखान्यात पहाटेपासून रांग होती. माजलगावकडचे, गेवराईकडचे, काठ्या टेकत आलेले म्हातारे आणि त्यांना धरून आणलेल्या लेकी-सुना. एका मुलीनं बसम्माच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं. बाकावर रुचिका शेजारी बसली. डोळे मिटलेलेच होते. समोरच्याचं तोंड बघायचं नव्हतं. बसम्माला वाटलं, बोलायचं तर आत्ताच.

"रुचिका, ते भस्म मी लावलं होतं. तिसऱ्या दिवशी. तू खाली होतीस. डोळ्यात गेलं माझ्या. हा डोळा मीच घालवला. तुला कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून बोलले न्हाई."

कुणाचा तरी नंबर पुकारला गेला, कुणीतरी काठी आपटत गेलं.

"मला माहीत आहे," रुचिका म्हणाली.

"काय?"

"मी वर आले होते, दुपारी. तुम्ही कपाळ पुसलं होतं, पण कानाच्या वर पांढरं राहिलं होतं. डोळा लाल होता. मी तेव्हाच दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. पण दोन दिवस तुम्ही घास खात नव्हतात, आणि त्या दिवशी पूजा झाल्यावर दोन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, जाऊ दे. काही झालं नाही म्हणून देवाचे आभार मानले आणि विसरून गेले. काल रुद्राणी खाली आली तेव्हा मला पहिलं तेच आठवलं. रात्रभर तेच."

बसम्मानं चाचपत तिचा हात धरला. म्हणजे इतके महिने आपण जिच्यापासून लपवत होतो तिनंही काहीतरी लपवून ठेवलं होतं. आता डॉक्टर काय म्हणतील ते दोघींनी ऐकायचं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रुचिकाहूनही लहान असतील. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली.

"बाई, आधी माझं ऐकून घ्या," बसम्मा म्हणाली. "चूक माझी हाय. तुमच्या कुणाची न्हाई." आणि तिनं सगळं सांगितलं. तिसरा दिवस, काळा चष्मा, तीन बोटं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "बरं. आता हनुवटी ठेवा, बघते." उजेडाची एक पट्टी डोळ्यात फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. रुचिका भिंतीला टेकून उभी होती. बसम्मा मनात नमः शिवायचा पंचाक्षरी जप मोजत होती आणि मध्येच तिचे आकडे चुकत होते.

"आजी, तुम्ही तिसऱ्या दिवशी भस्म लावलंत हे वाईटच केलंत. जखम ओली असते, त्यातून जंतू गेला असता तर डोळा गेलाही असता. पण तो चार-आठ दिवसांत गेला असता. पाच महिन्यांनी नाही."

"मग?"

"आम्ही लेन्स बसवतो ती एका पातळ पिशवीत बसवतो. ती पिशवी तुमचीच असते, जन्मापासूनची. पुष्कळांना पुढं काही महिन्यांनी तिच्या मागच्या बाजूला असा दुधाळ पडदा धरतो. भस्म लावणाऱ्यांना धरतो, न लावणाऱ्यांना धरतो. तुमच्या डोळ्याचा मागचा भाग छान आहे. लेन्स जागेवर आहे."

"म्हणजे डोळा गेला न्हाई?"

"कुठं जाणार? समोर पडदा आलाय, त्याला भोक पाडू. लेसरनं. सुई नाही, पट्टी नाही. पाच मिनिटं."

बसम्माला ते कळलं, पण तिचा विश्वास बसेना. तिनं रुचिकाकडं बघितलं. थेंबांमुळं रुचिका नुसती उजेडातली एक आकृती दिसत होती, आणि त्या आकृतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"पाच मिनिटं?" बसम्मा म्हणाली. "मी पाच महिने मेले की हो त्यापायी."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग जरा रागावल्याही. "आणि थांबला असतात, तर वर्षभर धडपडत राहिला असता. कुठं पडून हाड मोडलं असतं तर? पुढच्या वेळी दिसेना झालं की त्याच आठवड्यात यायचं. चूक कुणाची ते आम्ही बघू."

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तांबडा ठिपका दिसला, टक टक असा आवाज झाला, झालं. बाहेर तासभर बसवून डोळ्याचा दाब तपासला. काही दिवस माश्या उडाल्यासारखे ठिपके दिसतील, घाबरू नका, संध्याकाळपर्यंत स्वच्छ होईल, असं सांगून सोडलं. दाराबाहेर आल्याबरोबर बसम्मा म्हणाली, "मला भूक लागली." रुचिकानं तिला स्टँडजवळ भजी खाऊ घातली, आणि बसम्मानं दुसरी प्लेट मागितली. रुचिकानं मृत्युंजयला फोन लावला तेव्हा बसम्मानं तो तिच्या हातातून घेतला. "काही झालं न्हाई रे. पडदा होता नुसता. हो, नुसता पडदा. तू जेव."

गाडीत खिडकीची जागा मिळाली. बीड मागं पडलं तसं उन्हाचं चरचरणं कमी झालं आणि बसम्मानं काळा चष्मा जरा खाली ओढून बाहेर बघितलं. बाजरीची कणसं दिसली. एकेक वेगळं कणीस. दोन काळे ठिपके त्यावरून तरंगत गेले, ते सांगितल्यासारखेच होते. तिनं डावा डोळा हातानं झाकला. बाजरी जागेवर होती. हिरवी होती, पिवळी झाक नव्हती. तिनं मान वळवून शेजारी बसलेल्या सुनेकडं त्याच एका डोळ्यानं निरखून बघितलं.

"रुचिका, खांद्याची शिवण उसवली हाय तुझी."

"कुठं?"

"उजव्या. कापडाच्या दुकानातली सून, आणि उसवलेलं ब्लाउज घालून बीडला जाते. आणि भांग वाकडा हाय. आणि हे गळ्यापाशी काय, हळदीचा डाग? धुतलं न्हाईस नीट."

"पाच महिने असंच घालतेय मी."

"म्हणून तर. कुणी बोलणारं नव्हतं."

"आत्या," रुचिका हसायला लागली, "दिसत नव्हतं तेच बरं होतं हो!"

पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघायला लागली, कारण दोघी डोळ्याला पदर लावून हसत होत्या आणि हसणं थांबत नव्हतं. मग बसम्मानंच पदरानं तोंड पुसलं.

"डावा डोळा कधी करायचा म्हणल्या बाई? विचारून आलीस का?"

"तुम्हीच नको म्हणत होतात ना!"

"आता हो म्हणते. लाव फोन."

गाडी घाटाला लागली होती. रुचिकानं दवाखान्याचा नंबर लावला, दोनदा लावला, रेंज नव्हती. तिनं फोन हातातच धरून ठेवला, आणि मांजरसुंब्याला गाडी थांबल्याबरोबर पुन्हा लावला.